नातं क्रमांक नऊ

गणपती होऊन आठ-दहा दिवस झाले होते. दीपाली मिरजोळ्याच्या कंपनीत स्टोअरला होती, आलेल्या मालाची कॉम्प्युटरवर नोंद करायची. तिथे सुजयचा फोन आला.

"दीपा, गावचं एक काम आहे. तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही."

सुजय तिचा थोरला भाऊ. नालासोपाऱ्याला असायचा. तळेकोंड गावच्या मुंबई मंडळाचा तो यंदा सेक्रेटरी झाला होता. मंडळाने गावातल्या सगळ्या घरांची कुटुंबनोंद करायचं ठरवलं होतं. कोणाच्या घरात कोण, कुठे, काय करतो, असं सगळं. शिमग्याला त्याचं पुस्तक छापायचं. आधी एक्सेलमध्ये सुरुवात झाली होती, पण चार जणांकडे चार फायली झाल्या आणि कोणाची खरी ते कळेना. एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी आलेलं. उलट सखाराम धोंडू रेवाळे नावाची दोन खरीखुरी माणसं होती, तर कोणीतरी डबल समजून त्यातला एक पुसून टाकलेला. त्या सखारामने मीटिंगमध्ये भांडण काढलं.

"तुमच्या कंपनीत ते डेटाबेस वगैरे असतं ना? तसं कर काहीतरी," सुजय म्हणाला. "मी सांगून टाकलंय सगळ्यांना, माझी बहीण करील म्हणून."

माझी बहीण करील, हे शब्द दीपालीला आवडले. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात भावाने चार माणसांत तिचं नाव अभिमानाने घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. लग्न करून ती दाभोळला गेली, पाच वर्षांत परत आली. नवऱ्याने दुसरी आणली होती. त्याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हापासून ती तळेकोंडला आईजवळ राहायची. सकाळच्या एसटीने कंपनीत, संध्याकाळच्या एसटीने घरी. वडील गेले तेव्हा सुजयने तिला रजिस्ट्रारच्या ऑफिसात नेऊन हक्कसोडीवर सही घेतली होती. "नुसता कागद आहे. तुला घरातून कोण काढतंय?" असं तेव्हा तो म्हणाला होता, आणि तिलाही तसंच वाटलं होतं.

कंपनीने जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा त्यातला एक तिने घरी आणला होता. तो पडवीत, आईच्या खाटेच्या पायथ्याशी टेबलावर ठेवलेला असे. त्यात डेटाबेसचं जुनं सॉफ्टवेअर आधीपासूनच होतं. तेच वापरू म्हणून तिने त्यात दोन तक्ते, म्हणजे टेबलं, केली, एक घरांचं आणि एक माणसांचं. एका रविवारी बसून रेवाळेवाडीची साठ नावं भरली आणि यादी पडद्यावर मागवली. साठच्या साठ ओळींत नुसती प्रश्नचिन्हं. धोंडू नाही, सखाराम नाही, एकेका अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह.

कंपनीत कॉम्प्युटर बघणाऱ्या केतनला तिने फोन केला. तो वयाने लहान, तिला मॅडम म्हणायचा.

"मॅडम, ते जुनं व्हर्जन इंग्रजी अक्षरांसाठीच सेट केलेलं आहे. मराठी त्याला कळत नाही."

"मग आता ही नावं कशी परत आणू?"

"नाही येणार. प्रश्नचिन्हं साठली ती साठली. जुनं सगळं काढा, नवीन टाका आणि टेबल करतानाच त्याला युनिकोड सांगा."

नवीन उतरवून घ्यायला नेटवर्क हवं. तळेकोंडला ते खळ्याच्या वरच्या कोपऱ्यातच मिळतं. तिने हॉटस्पॉट लावून मोबाइल तिथल्या दगडी गडग्यावर ठेवला, त्याच्यावर टोपली उपडी घातली, कावळ्याने उचलू नये म्हणून, आणि दुपारभर वाट बघितली. फाइल उतरली, पण चालू करताच कसलासा दुसरा भाग नाही म्हणून अडली. तो भाग उतरवला. मग त्याने विचारलं, सगळं टाकू की नुसता सर्व्हर? तिने सगळं सांगितलं आणि जुनी मशीन अर्ध्यावर गोठली. बंद करून पुन्हा. या वेळी नुसता सर्व्हर. मुख्य पासवर्ड मागितला, तो तिने दिला आणि डायरीत लिहून ठेवला. शेवटच्या पायरीला लाल फुली आली. सर्व्हर चालूच होईना.

आई खाटेवरून बघत होती. यमुनाबाईला मोतीबिंदू होता, पडदा तिला नुसता उजेडासारखा दिसायचा.

"नाय होत तर ऱ्हाव दे गो," ती म्हणाली. "ते मुंबईवालं करतील."

"होईल, आई."

लाल फुलीचं कारण सोमवारी केतनकडून कळलं. जुनं सॉफ्टवेअर काढलं तरी त्याचा सर्व्हर मागे चालूच राहिला होता, आणि नव्याला बसायची जागा त्याने अडवून धरली होती. दीपालीने संध्याकाळी तो बंद केला. नवा सर्व्हर सुरू झाला. तिने पहिलं नाव घातलं आणि मागवून बघितलं: यमुनाबाई रामा रेवाळे. स्वच्छ, काना-मात्रेसकट. तिने ते आईला वाचून दाखवलं.

"माझा कशाला पयला?" आई म्हणाली, पण हसली.

रचना तिने नीट विचार करून केली. प्रत्येक घराला क्रमांक, प्रत्येक माणसाला क्रमांक, म्हणजे दोन सखाराम वेगळे राहतील. जे घर यादीत नाही त्यात माणूस घालताच येणार नाही. आणि प्रत्येक माणसाचं कुटुंबप्रमुखाशी नातं, तेही ठरलेल्या यादीतलंच, म्हणजे कोणी काहीही लिहिणार नाही. ही नात्यांची यादी मंडळाने छापलेल्या फॉर्मवरच होती. कुटुंबप्रमुख, पत्नी, मुलगा, सून, अविवाहित मुलगी, नातवंड, आई-वडील, भाऊ. एक ते आठ.

दसऱ्यानंतर ती रविवारी घरोघर जायला लागली. बरोबर धोंडूकाका असायचे. ते गावकार, सत्तरी उलटलेले, कोणाचं मूळ घर कुठलं आणि कोण कुठून वेगळा निघाला हे त्यांना तोंडपाठ. सगळी एकशे ऐंशी घरं त्यांनी पायाखाली घातली.

तिसऱ्या रविवारी ती दोघं धाकूच्या घरी गेली. धाकू आणि त्याची बायको पुढे बसून नावं सांगत होती. मागल्या दारी एक बाई भात पाखडत होती. सीता, धाकूची बहीण. वय त्रेसष्ट. बाविसाव्या वर्षी नवरा समुद्रात गेला आणि ती माहेरी आली, ती आजवर इथेच.

"सीताआत्याचं नाव राहिलं," दीपाली म्हणाली.

धाकूची बायको म्हणाली, "ती कुठं आमच्यात? तिचं घर नाटाळवाडीचं. ती वसतेय हितं."

"चाळीस वर्षं?"

धाकूची बायको पुढचं नाव सांगायला लागली. दीपालीने फॉर्म बघितला. पत्नी नाही, सून नाही, अविवाहितही नाही. आठांतलं कुठलंच नातं सीताला बसत नव्हतं. आणि नातं घातल्याशिवाय ओळ आत जात नव्हती, ती व्यवस्था तिने स्वतःच केली होती.

बाहेर आल्यावर तिने धोंडूकाकांना विचारलं, "काका, अशा बायकांचं काय करायचं?"

काका चालता चालता म्हणाले, "हायत तर हायत. लाव बाय."

त्या संध्याकाळी तिने नात्यांच्या यादीत नववी ओळ घातली. माहेरी असलेली मुलगी. सीताची नोंद केली, घर क्रमांक सत्तेचाळीस, नातं नऊ. स्वतःची नोंद तिने अजून केली नव्हती, कुठे घालायची तेच कळत नव्हतं म्हणून. आता केली. घर क्रमांक बारा, कुटुंबप्रमुख सुजय रामा रेवाळे, नातं नऊ.

पुढच्या रविवारी सीता तिला पाणंदीत भेटली, डोक्यावर गवताचा भारा. भारा न उतरवता तिने विचारलं, "माझा नाव लागला काय गो?"

"लागला, आत्या. पुस्तकात येईल शिमग्याला."

"कुणाच्या घरात?"

"तुझ्याच. धाकूकाकांच्या."

सीता म्हणाली, "बरा." आणि पुढे गेली. दीपालीने वळून बघितलं तर ती नेहमीपेक्षा भराभर चालत होती.

मग त्या सापडतच गेल्या. कोणी विधवा, कोणी टाकलेली, कोणी स्वतःहून निघून आलेली. घरच्यांनी नावं सांगितली नाहीत तर दीपाली विचारायची. जानेवारीत काम संपलं तेव्हा तिने सहज मागवून बघितलं, नातं नऊ किती. सतरा आणि ती स्वतः. अठरा. चौदा वर्षं या गावात वावरताना तिला वाटत होतं, आपल्यासारखी आपण एकटीच, फार तर सीताआत्या. तिने कच्ची यादी काढून सुजयला पाठवली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सुजय स्वतः आला. आंघोळ केली, जेवला, आईशी बोलला. मग पडवीत कॉम्प्युटरजवळ खुर्ची ओढून बसला.

"काम झकास केलंस. सगळे म्हणतात. फक्त एक दुरुस्ती आहे."

"कसली?"

"ते नऊ नंबरचं नातं काढायचं."

"का?" दीपालीने विचारलं.

"मला फोनवर फोन येतायत. धाकूचा मुलगा, खालच्या वाडीतले सगळे. ग्रुपवर कोणीतरी टाकलंन, पुस्तकावर गावकारांच्या सह्या असणार, उद्या ह्या बायका कोर्टात पुरावा म्हणून दाखवतील, आम्ही ह्या घरातल्या म्हणून."

"घरातल्याच आहेत ना त्या?"

"तू समजून घे. मंडळ फुटेल. एवढ्यासाठी पुस्तकच निघणार नाही."

"आणि माझं?"

सुजयने आईकडे बघितलं. "तुझ्या एकटीचं ठेवून कसं चालेल? सगळ्यांना एक न्याय. आणि तू तर हक्कसोड दिलेलीच आहेस. तुला यादीत नाव कशाला हवं?"

"मी राहते इथे म्हणून."

"राहा की. नाही कोण म्हणतंय? पण उद्या तुझ्या वहिनीने विचारलं तर मी काय सांगू? ती आधीच म्हणते, आईला मुंबईला आणा, घर बंद करा. मीच थांबवून धरलंय तिला." तो हे हळू आवाजात, समजुतीने बोलला. दीपालीला ते व्यवस्थित कळलं.

तिने आईला विचारलं. "आई, तू सांग."

यमुनाबाई पदराने डोळे पुसत होती, पण ते मोतीबिंदूचं पाणी होतं. "काढ गो बाय," ती म्हणाली. "नावान् काय होतंय. त्याला माणसात वावरायचा हाय."

दीपालीने कॉम्प्युटर चालू केला. खुर्चीवर बसून तिने आधी नात्यांच्या यादीतली नववी ओळ काढायची आज्ञा दिली. यंत्राने नकार दिला. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या.

"काय म्हणतंय?" सुजयने विचारलं.

"म्हणतंय, या नात्याची माणसं अजून आहेत. ती असेपर्यंत नातं काढता येणार नाही."

"मग आधी माणसं काढ."

तिला माहीत होतं की असंच करावं लागतं. तरी तिने आधी नातं काढून बघितलं होतं. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिने एक ओळ लिहिली, नातं नऊ असलेल्या सगळ्यांना काढ अशी, आणि बटण दाबलं. अठरा ओळी गेल्या म्हणून उत्तर आलं. वेळ किती लागला तेही त्याने सांगितलं, सेकंदाचा काही भाग. मग नववी ओळ काढली. या वेळी ती गेली.

"झालं?" सुजय म्हणाला. "बघ, उगाच ताणत होतीस." त्याने तिच्या पाठीवर थोपटलं आणि खळ्यात जाऊन मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला.

आदल्या रविवारी घेतलेली बॅकअपची फाइल तिच्याकडे होती. तिने ती पुसली नाही, पण तिचं काय करायचं हेही तिला सुचलं नाही.

शिमग्याला पुस्तक निघालं. सहाणेवर पालखी बसली असताना सभा झाली. एकशे ऐंशी घरांची गावाची पहिली नोंद, म्हणून अध्यक्ष बोलले. सुजयला शाल आणि नारळ दिला. धोंडूकाकांनाही दिला. ते पुढे पहिल्या रांगेत बसले होते. बायकांत बसलेल्या दीपालीशी त्यांची नजरानजर झाली, आणि त्यांनी पुस्तक उघडून वाचायला घेतलं, जरी चष्मा त्यांनी आणलेला नव्हता.

शेवटच्या पानावर आभार होते. छापखाना, देणगीदार, मंडळाचे कार्यकर्ते. सर्वात खाली एक ओळ होती. संगणक साहाय्य: श्री. सुजय रेवाळे यांच्या भगिनी.

दुसऱ्या दिवशी सीता आली. दीपालीला वाटलं होतं की ती वाचून दाखवायला सांगेल, आणि आपण काय सांगायचं याची तयारीही तिने केली होती. पण सीता चौथी शिकलेली होती. सत्तेचाळिसावं घर तिने स्वतः शोधलं होतं. पुस्तक ती घेऊन आली नव्हती. पडवीच्या पायरीवर बसली.

"तूच लावला होतास," ती म्हणाली.

"हो."

"काढलान कोणी?"

"मीच, आत्या."

सीताने मान हलवली. आतून आईने चहा घेतेस काय म्हणून विचारलं, तिने नको म्हटलं. मग तिने विचारलं, "तुझा तरी हाय काय?"

"नाही."

"बघितलंस नीट? बारा नंबरात?"

"नाही, आत्या. माझंही नाही."

"मग ठीक," सीता म्हणाली.

ती उठून गेली. दीपाली पायरीवर बसून राहिली. सीताच्या आवाजात राग असता तर तिला चाललं असतं. आवाजात समाधान होतं. त्यानंतर सीता पाणंदीत दिसली की कामापुरतं बोलायची, आणि दीपालीही तेवढंच बोलायची. बाकीच्या सोळा जणींपैकी कोणीच काही विचारायला आली नाही.

मे महिन्यात सुजयने घराची कौलं काढून स्लॅब टाकायला घेतला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही तेव्हाच उरकून घेऊ म्हणाला आणि तिला मुंबईला घेऊन गेला.

"दोन-तीन महिने तू मिरजोळ्यातच खोली बघ, कंपनीजवळ," त्याने दीपालीला सांगितलं. "उघड्या घरात एकटी कशी राहणार? आणि एसटीचा त्रास तरी वाचेल."

तिने खोली घेतली. भांडी, कपडे आणि कॉम्प्युटर टेम्पोत घालून नेला. पावसाळा गेला, गणपती मुंबईलाच झाले. ऑपरेशन चांगलं झालं होतं. आई फोनवर म्हणायची, आता सगळा दिसतो, समोरच्या बिल्डिंगीतली माणसं पण दिसतात. परत कधी येणार विचारलं की म्हणायची, सुजय सांगेल तेव्हा.

दिवाळीच्या आधी मंडळाच्या कुणाचा तरी फोन आला. वर्षभरात गावात सहा जन्म, चार मृत्यू आणि सात लग्नं झाली होती, तेवढं भरून द्याल का? त्यांनी यादी पाठवली. दीपालीने ती भरली. चार सुना घातल्या. गावातल्या ज्या तीन मुलींची लग्नं झाली होती त्यांची नावं फॉर्मच्या नियमाप्रमाणे काढली. तिसरी वीस वर्षांची होती. दीपाली नोंदीसाठी त्या घरी गेली होती तेव्हा या मुलीनेच पाणी आणून दिलं होतं.

भाऊबिजेला ती तळेकोंडला गेली. सुजय येईल अशी तिची समजूत होती. घर नवीन झालं होतं, पडवीला ग्रिल लागलं होतं, भिंती पिवळ्या. दाराला कुलूप होतं, तिच्याकडच्या किल्लीने न उघडणारं. तिने खळ्याच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन सुजयला फोन लावला.

"अगं, आम्ही नाही निघालो यंदा. आईला प्रवास नको म्हणाला डॉक्टर. तू कळवायचं तरी होतंस."

"दादा, कुलूप बदललंय."

"हो, दारच नवीन ना. किल्ली धोंडूकाकांकडे ठेवलेय. तुला आत काही बघायचं असलं तर जा त्यांच्याकडे. देतील ते. मी सांगून ठेवलंय, माझी बहीण कधी आली तर द्या म्हणून."

धोंडूकाकांचं घर हाकेच्या अंतरावर होतं. ते खळ्यात बसलेले तिला दिसत होते. त्यांनीही तिला बघितलं असावं, कारण ते उठून आत गेले. किल्ली आणायला की टाळायला, ते तिला सांगता आलं नसतं. परतीची एसटी पावणेपाचला होती. ताटात घालायला आणलेल्या करंज्यांचा डबा तिने पिशवीतच ठेवला आणि ती थांब्याकडे चालायला लागली.